घरांतील राउटर आणि त्याची परिभाषा

ज्या वस्तूचीं अंगें नांवानें ओळखतां येत नाहींत, ती वस्तु घरांत वर्षानुवर्षें राहूनहि परकीच राहते. स्टोव्ह प्रथम घरांत आला तेव्हां आमच्या आजी-आयांनीं बर्नर, पिन आणि वायसर हे शब्द आपलेसे केले. शिवणयंत्र आलें तेव्हां बॉबिन आणि शटल हे शब्द त्यांच्या तोंडीं सहज रुळले. नांवें ठाऊक झालीं, म्हणून दुरुस्तीहि ठाऊक झाली. परंतु बैठकीच्या कोपऱ्यांत हिरवे दिवे मिचकावीत बसलेल्या राउटराशीं अशी जवळीक अद्याप झालेली नाहीं. तो रुसला कीं आपण त्याची वायर काढतों, पुन्हां घालतों आणि देवाचें नांव घेतों.

नांदेड आणि लातूर येथील घरांस ही अनोळख परवडणारी नाहीं. ज्या लातुरानें शिकवणीच्या एका पद्धतीस स्वतःचें नांव मिळवून दिलें, त्या लातुरांतून आणि गोदातीरच्या नांदेडांतून दरसाल कितीतरी मुलें वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणासाठीं बाहेर पडतात. त्यांतील पुष्कळ पुढें पुण्यास, बंगळुरास किंवा सातासमुद्रांपलीकडे स्थायिक होतात. मागें राहतात ते आईबाप, मोठें घर आणि तो राउटर. मुलांचा आवाज, नातवंडांचें मुखदर्शन आणि अडचणीच्या वेळीं मारावयाची हांक, या तिन्ही गोष्टी आतां त्या एका पेटीवर येऊन ठेपल्या आहेत.

गेल्या पावसाळ्यांतील एक हकीकत सांगतों. नांदेड येथील आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या घरीं जुना तांब्याच्या तारेचा टेलिफोन जाऊन कांचतंतूच्या जोडणीवरचा टेलिफोन आला होता. क्रमांक तोच, यंत्र तेंच, भिंतीवरची जागाहि तीच. त्यामुळें कांहीं बदल झाला आहे हें घरांत कोणास जाणवलेंच नाहीं. एका रात्रीं वीज गेली असतां गुरुजी न्हाणीघरांत पाय घसरून पडले. काकूंनीं रिसीव्हर उचलून कानास लावला, तों त्यांत नेहमींचा घूं-घूं आवाजच नव्हता. मोबाइलची बॅटरी संपलेली. अखेर भर पावसांत शेजारचें दार ठोठवावें लागलें. गुरुजींच्या मांडीचें हाड मोडलें होतें; आतां ते काठीच्या आधारानें चालतात. आम्ही समाचारास गेलों तेव्हां काकूंनीं एकच गोष्ट विचारली. त्या म्हणाल्या, "पूर्वीं वीज गेली तरी फोन चालायचा हो. मग हाच का मुका झाला?"

या प्रश्नाचें उत्तर द्यावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. परंतु त्या उत्तरापर्यंत पोंचावयाचें तर वाटेंतील कांहीं शब्दांशीं ओळख करून घेणें भाग आहे.

एक पत्ता, अनेक बिऱ्हाडें

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा एक पत्ता असतो, त्यास आय. पी. पत्ता म्हणतात. १९८१ सालीं जी पत्त्यांची पद्धत निश्चित झाली, तींत एकंदर सुमारें ४२९ कोटी पत्ते बसतात. त्या वेळीं ही संख्या अफाट वाटली असेल. आज पृथ्वीवरील माणसांचीच संख्या तिच्या जवळजवळ दुप्पट आहे. या टंचाईंतून एक युक्ति निघाली. जुन्या वाड्यांत दहा बिऱ्हाडें असत, पण टपालाचा पत्ता वाड्याचा एकच असे. माडीवर कोण राहतें आणि सोप्यावर कोण, हें दिंडीवरच्या माणसास ठाऊक. राउटर हा तोच दिंडीवरचा माणूस होय. बाहेरच्या जगास जो दिसतो तो सार्वजनिक पत्ता. आणि घरांतील मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांना मिळणारे, बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होणारे, ते खासगी पत्ते. एकच खासगी पत्ता नांदेडच्या आणि न्यूयॉर्कच्या घरांत एकाच वेळीं असूं शकतो. माडीवरची खोली तर प्रत्येक वाड्यांत असतेच!

आंतून बाहेर गेलेलें पत्र कोणत्या खोलींतून गेलें याची वहींत नोंद ठेवावयाची, आणि उत्तर आलें कीं ती वही पाहून त्याच खोलींत पोंचतें करावयाचें, या व्यवहारास नॅट असें म्हणतात. ही पद्धत १९९४ सालीं लेखनिबद्ध झाली. नोंदींत ज्या आंकड्यानें पत्राची ओळख ठेवतात, त्यास पोर्ट म्हणतात. ज्या पत्राची वहींत नोंदच नाहीं, असें अनाहूत पत्र आलें तर दिंडीवरचा माणूस तें बाजूस टाकून देतो. या रिवाजामुळें बाहेरच्या उपद्रवापासून घराचें कांहींसें रक्षण होतें. परंतु टेलिफोनच्या बाबतींत तोच कसा आडवा येतो, तें पुढें दिसेल.

खोल्यांचे आंकडे कोण वांटतो? तेंहि काम राउटरच करतो, आणि त्या कामाचें नांव डी. एच. सी. पी. पंगत बसतांना यजमान जसा आलेल्या पाहुण्यास रिकामा पाट दाखवितो, आणि तो जेवून उठला कीं तोच पाट दुसऱ्यास देतो, तसा हा प्रकार आहे. पत्ता कायमचा दिलेला नसतो; ठराविक मुदतीपुरता दिलेला असतो. काल मिळत असलेला छापयंत्राचा पत्ता आज चुकतो, याचें कारण पुष्कळदां एवढेंच कीं, त्याचा पाट बदलला. ज्या यंत्राचा पत्ता बदलूं नये असें वाटतें, त्याच्यासाठीं राउटरांत पाट राखून ठेवण्याची सोय असते.

माणसें आंकडे लक्षांत ठेवीत नाहींत, नांवें ठेवतात. म्हणून नांवावरून पत्ता सांगणारी एक व्यवस्था १९८३ सालीं योजण्यांत आली, तिला डी. एन. एस. म्हणतात. परगांवचा मनुष्य मोंढ्यावर उतरून "अमक्यांचें घर कोणतें?" म्हणून विचारतो, तेव्हां दुकानदार जें काम करतो, तेंच ही व्यवस्था करते. राउटराचे सर्व दिवे हिरवे असतांनाहि एकहि संकेतस्थळ उघडूं नये, असा प्रसंग आला तर रस्ता बंद नसून रस्ता सांगणारा गैरहजर आहे, अशी शंका घ्यावी.

येथें आणखी एक शब्द सांगणें अवश्य आहे. पत्त्यांची टंचाई अशी आहे कीं, अनेक कंपन्या एका घरालाच नव्हे, तर सबंध पेठेला मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे वाड्याच्या दिंडीपुढें पुन्हां गांवाची वेस, आणि त्या वेशीवर दुसरा वहीवाला! यास सी. जी. नॅट म्हणतात. परगांवीं बसून घरच्या कॅमेऱ्यांत थेट डोकावतां येत नाहीं, याचें मूळ कित्येकदां येथेंच असतें. सहाव्या आवृत्तीचे नवे पत्ते इतके विपुल आहेत कीं, ते सर्वत्र रूढ झाल्यावर या वह्यांची गरज उरणार नाहीं. पण तोंवर जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धति शेजारीं-शेजारीं नांदत आहेत.

आवाजाचीं पुडकीं

आपल्या देशांत सर्वसाधारण जनतेसाठीं इंटरनेट सुरू झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्यावरून बोलण्यास मात्र सरकारची परवानगी १ एप्रिल २००२ पासून मिळाली, आणि तीहि अपुरी: येथील संगणकावरून परदेशच्या टेलिफोनशीं बोलतां येई, देशांतल्या टेलिफोनशीं नाहीं. ते निर्बंध २०१८ सालीं सैल झाले. आज कांचतंतूच्या जोडणीबरोबर जो टेलिफोन येतो, त्याचा आवाज तारेंतून लहरींच्या रूपानें जात नाहीं. तो पुडक्यांत बांधून पाठविला जातो. यास व्ही. ओ. आय. पी. म्हणतात.

बोलणाऱ्याच्या आवाजाचें माप सेकंदास ८,००० वेळां घेऊन त्याचे आंकडे करतात. हें काम करणाऱ्या पद्धतीस कोडेक म्हणतात. एखाद्या लघुलेखकासारखी ती भराभर टिपून घेते. मग एका सेकंदाच्या बोलण्याचे पन्नास तुकडे पाडतात. टेलिफोनच्या जुन्या प्रमाणित पद्धतींत एका तुकड्यांत १६० बाइट माल असतो, आणि त्यावर पत्त्याचें व क्रमांकाचें मिळून ४० बाइट वेष्टन. हा सर्व हिशेब केला तर एका संभाषणास प्रत्येक दिशेस सेकंदाला ८० ते ९० किलोबिट एवढीच वाट पुरते. घरांत ३० मेगाबिटांची जोडणी असेल, तर ती या गरजेच्या तीनशेंपटींहून अधिक आहे.

मग इतकी रुंद वाट असून बोलणें तुटतें कां? येथेंच आपली फसगत होते. वाटेची रुंदी निराळी आणि पोंचण्यास लागणारा वेळ निराळा. लातूरकरांस हा भेद समजावण्यास दूर जावयास नको. एप्रिल २०१६ मध्यें भीषण टंचाईच्या काळीं मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातुरास आली. पहिल्याच गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी आलें. एका खेपेंत एवढें पाणी आणणारें दुसरें वाहन नव्हतें. पण स्वयंपाकघरांत या क्षणीं तांब्याभर पाणी हवें असेल, तर ती गाडी निरुपयोगी आणि शेजारणीची कळशी उपयोगी. गाडीनें आणलेलें पाणी ही बँडविड्थ. कळशी येण्यास लागणारा वेळ ही लेटन्सी, म्हणजे विलंब. चित्रपट पाहण्यास गाडी हवी. बोलण्यास कळशी हवी.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शनाप्रमाणें एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आंत असला तर संभाषण सुखानें चालतें. आतां पाहा: कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबईपासून अमेरिकेचा पश्चिम किनारा सरळ रेषेंतहि साडेतेरा हजार किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे निसर्गाचीच पट्टी सुमारें ६७ मिलिसेकंदांची. आणि समुद्रांतील केबली तर वळसे घेत जातात. म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या लेकीशीं बोलतांना दोघींचीं वाक्यें एकमेकींवर आदळतात, यांत राउटराचा दोष नसतो आणि लेकीच्या उतावळेपणाचाहि नसतो. वाक्य संपवून क्षणभर थांबावें, हाच त्यावर उपाय.

विलंब सारखा असला तर मन त्याला सरावतें; तो कमीजास्त होऊं लागला कीं आवाज फाटतो. पुडकीं निघालीं समान अंतरानें, पण पोंचलीं कांहीं घाईनें, कांहीं रेंगाळत; या अनियमितपणास जिटर म्हणतात. त्यावर योजलेला उपाय आपल्या परसांतलाच आहे. नळाचें पाणी वेळीं-अवेळीं आलें तरी रांजणांतून तें सारख्या धारेनें काढतां येतें. टेलिफोनच्या यंत्रांत आवाजाचा असाच एक लहानसा रांजण असतो. त्यास जिटर बफर म्हणतात. जें पुडकें त्याच्याहि पलीकडे उशीर करतें किंवा वाटेंत हरवतें, तें पुन्हां मागवीत नाहींत. पंगत उठल्यावर आलेल्या भाजीचा उपयोग काय?

हा जिटर बहुधा समुद्रांत नसून घरांतच उत्पन्न होतो. मराठवाड्यांतील जुन्या माळवदी घरांच्या दगडमातीच्या भिंती हात-दोन हात रुंद असतात. वायफायच्या लहरी दोन जातींच्या: २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंत ओलांडून दूर जातात, पण त्या वाटेवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण जाड भिंतीपुढें लवकर दमतात. राउटर कपाटांत किंवा टीव्हीच्या मागें दडवूं नये. घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावा, आणि जेथून नेहमीं बोलणें होतें तेथें शक्य तर तारेनेंच जोडणी न्यावी.

आमंत्रण आणि भोजन

बोलणें सुरू होण्यापूर्वीं दोन यंत्रांत कांहीं शिष्टाचार होतो. त्याचे नियम एस. आय. पी. या नांवानें १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध झाले. मौज अशी कीं, त्यांतील पहिल्या संदेशाचें नांवच मुळीं 'आमंत्रण' या अर्थाचें आहे. आमंत्रण जातें, पलीकडून 'घंटा वाजते आहे' असें कळविलें जातें, मग होकार येतो, होकाराची पोंच दिली जाते, आणि शेवटीं निरोप. परंतु आमंत्रण पोंचविणारा निराळा आणि जेवण वाढणारा निराळा. प्रत्यक्ष आवाजाचीं पुडकीं आर. टी. पी. नांवाच्या दुसऱ्याच वाटेनें जातात.

एवढें ध्यानांत आलें म्हणजे एका अतिपरिचित दुखण्याचें निदान होतें. घंटा वाजते, पलीकडचें माणूस बोलतें, त्याचा आवाज आपणांस ऐकूं येतो, पण आपला आवाज त्यास जात नाहीं. किंवा याच्या अगदीं उलट. आमंत्रण पोंचलें, पण भोजन पोंचलें नाहीं! असें होण्याचें नेहमींचें कारण हें कीं, आमंत्रणांत यंत्रानें आपला खासगी पत्ता लिहून पाठविलेला असतो. 'माडीवरची खोली' एवढ्या पत्त्यावर परगांवचें पुडकें येणार कसें? म्हणून स्टन नांवाची एक मदत योजलेली आहे. ती यंत्रास 'तुझा बाहेरून दिसणारा पत्ता हा आहे' असें सांगते. कित्येक राउटरांत एस. आय. पी. ए. एल. जी. नांवाची एक सोय असते. आमंत्रणांतील पत्ता वाटेंत दुरुस्त करावा, असा तिचा सद्धेतु. परंतु ती पुष्कळदां नसती खाडाखोड करून ठेवते. एकतर्फी आवाजाची तक्रार असेल तर ही सोय बंद करून पाहण्यास दुरुस्तीवाल्यास सांगावें. नुसता "फोन बिघडला आहे" या तक्रारीपेक्षां "आवाज एकाच बाजूनें येतो" ही तक्रार दहापट उपयोगी आहे.

इंटरनेटवरून साध्या टेलिफोनशीं बोलावयाचें तर मध्यें एक गेटवे लागतो. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अरुंद होते, तेव्हां लातूरचा माल कुर्डुवाडीस उतरवून रुंद रुळांच्या गाडींत चढवावा लागे. ते रूळ आतां रुंद झाले आहेत. पण पुडक्यांची वाट आणि जुन्या टेलिफोनची वाट जेथें मिळतात, तेथें हें कुर्डुवाडीचें काम गेटवे आजहि करीत आहे.

तांबें आणि कांच

आतां काकूंच्या प्रश्नाकडे वळूं. जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या जोडतारेंतून केवळ आवाजच येत नसे. टेलिफोन केंद्रांतील बॅटऱ्यांची सुमारें ४८ व्होल्टची वीजहि त्याच तारेनें घरांत येत असे. म्हणून सबंध पेठेंत अंधार झाला तरी रिसीव्हरांत घूं-घूं ऐकूं येई. कांचतंतूंतून प्रकाश येतो, वीज येत नाहीं. प्रकाशाचा संदेश वाचणारी पेटी, जिला ओ. एन. टी. म्हणतात, ती आणि राउटर हीं दोन्ही घरच्या विजेवर चालतात. वीज गेली कीं दोन्ही निजतात आणि त्यांच्याबरोबर टेलिफोनहि निजतो. त्या रात्रीं गुरुजींच्या घरीं यंत्र बिघडलें नव्हतें. तें आपल्या स्वभावाप्रमाणेंच वागलें. तो स्वभाव बदलला आहे, हें मात्र घरांत कोणी सांगितलें नव्हतें.

या भागास संकटाची ओळख करून देण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जन करून लोक निजले असतां, किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. आपलीं माणसें सुखरूप आहेत काय, एवढें एक वाक्य ऐकण्यासाठीं दूरदूरचे लोक कसे तळमळले, हें त्या पिढींतील कोणासहि विचारावें. हांक पोंचविणारें साधन कोणत्या प्रसंगीं साथ देईल आणि कोणत्या प्रसंगीं देणार नाहीं, हें आधीं जाणून घेणें हा म्हणूनच गृहव्यवस्थेचा भाग मानला पाहिजे.

करावयाचें तें थोडें आहे. राउटर आणि ओ. एन. टी. यांच्यासाठीं लहान बॅटरीपेटी मिळते. ती घ्यावी, किंवा हीं यंत्रें इन्व्हर्टरवर घ्यावींत. पेट्या दोन असतील तर दोहोंनाहि बॅटरी हवी. एकीला देऊन भागत नाहीं. महिन्यांतून एकदां मुख्य बटण बंद करून रिसीव्हर कानास लावून पाहावा. रात्रीं एक मोबाइल भरलेला आणि उशाशीं असावा. ११२ आणि १०८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहावे. राउटराबरोबर आलेला मूळचा परवलीचा शब्द त्याच दिवशीं बदलावा, आणि नवा शब्द घरच्या वहींत टिपून ठेवावा. कारण दिंडीची किल्ली शेजाऱ्याच्या हातीं असणें जितकें वाईट, तितकेंच ती आपणांसच न सांपडणेंहि वाईट.

परवां नांदेडास जाणें झालें, तेव्हां गुरुजींकडे डोकावलों. राउटराच्या शेजारीं बॅटरीपेटी आली आहे. दोन्ही पेट्यांवर काकूंनीं कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांचीं नांवें लिहिलीं आहेत, आणि पंचांगाच्या खिळ्यालाच टांगलेल्या एका पुठ्ठ्यावर क्रमांक मोठ्या अक्षरांत मांडले आहेत. आम्ही चहा घेत असतांनाच वीज गेली. काकू उठल्या, रिसीव्हर उचलून कानास लावला, मान डोलावली आणि तो जागेवर ठेवून पुन्हां येऊन बसल्या.